लाल टोपणाची सिरिंज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

दोन दिवस तुमची प्रतिक्रिया उघडून वाचतेय. 'औषधाची चूक झाली की नर्सही दुसरा बळी ठरते,' असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'गेली माझी आई. सिस्टर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर होती. चूक करायची आणि वर सहानुभूतीही मागायची? काय झालं ते आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.'

आधी त्या शब्दाचं. 'दुसरा बळी' हे अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी 2000 साली वापरलं आणि रुळलं. पुढे 2019 मध्ये अशाच चुकांत घरचं माणूस गमावलेल्या काहींनी लिहिलं, की हा शब्द टाकून द्या, बळी म्हटलं की जबाबदारी अंगावरून निघून जाते. तेव्हा मला ते पटलं होतं. तरी लेखात तोच शब्द आला, सवयीने. मागे घेते.

'दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर' याबद्दल मात्र सांगते. मीही होते.

आमच्या वॉर्डात इन्सुलिनच्या 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40) बाटल्या यायच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची लागते. त्या रात्री एका आजींनी घरून आणलेली बाटली 100 ची होती आणि माझ्या हाताला लाल टोपण लागलं. दहाच्या रेघेपर्यंत भरलं, पण औषध अडीचपट दाट, म्हणजे दहाऐवजी गेले पंचवीस युनिट. पहाटे तीनला आजी घामाने निथळत होत्या, हाक मारली तर नुसतं 'ऊं'. शुगर पार खाली, 34. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं. थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी मलाच विचारलं, 'बाई, चहा झाला का?'

मेट्रननी मेमो दिला, मैत्रिणी म्हणाल्या, 'वाचल्या ना, सोड आता.' रोस्टरमध्ये बदली माणूस नव्हतं, म्हणून संध्याकाळी पुन्हा तोच वॉर्ड, तीच ट्रॉली. वर्षभर मी घरी गेल्यावरही वॉर्डात फोन करून विचारायचे, सात नंबरची शुगर किती आली? नवऱ्याला वाटायचं, कामाची हौस.

आणि आता जे लेखात लिहायचं टाळलं ते. आजींच्या मुलाला आम्ही सांगितलं, 'शुगर लो झाली, या वयात होतं.' डिस्चार्जच्या दिवशी तो माझ्यासाठी पेढे घेऊन आला. 'सिस्टर, तुम्ही होतात म्हणून आई वाचली.' पुडा मी ड्यूटी रूममध्ये ठेवला, बाकीच्यांनी संपवला. तेव्हा तुमचा राग चुकीच्या पत्त्यावर आलेला नाही.

तरी एका ठिकाणी तुमच्याशी भांडते. तुम्ही शेवटी लिहिलंय, 'एकीला तुरुंगात टाका, बाकीच्या सरळ होतील.' अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात 2017 च्या डिसेंबरात नर्सने शांत करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम दिलं. पेशंट गेला. चूक लहान नव्हती, बाटलीवरचा इशारा तिने वाचला नव्हता. पण लक्षात येताच तिने स्वतः कबूल केलं. हॉस्पिटलने मात्र मृत्यू कळवताना त्या औषधाचं नावच काढलं नाही. 2022 मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं ते नर्सला. तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं. तिकडच्या नर्सेसनी यातून काय शिकायचं? मला तर एकच दिसतं : गप्प बसा. माझ्या वेळी आम्ही तेच केलं, आणि लाल-केशरी टोपणं पुढेही एकाच ट्रेमध्ये पडून राहिली. उद्या दुसरी कुणी तीच उचलणार.

आता तुमच्या आईबद्दल. मागच्या वर्षीचं म्हणताय, म्हणजे कागद असायलाच हवेत. अ‍ॅडमिट पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावे लागतात आणि नातेवाइकाने मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डिस्चार्ज समरीवर भागवतील, तर ड्रग चार्ट आणि नर्सेस नोट्सही हव्यात असं अर्जातच लिहा. कागद आले की मला मेल करा. रात्रपाळीचं अक्षर तुम्हाला लागणार नाही, मला लागतं. त्यात जे दिसेल ते सांगेन, माझ्यासारख्याच कुणा सिस्टरची चूक दिसली तरी.