किरकोळ खर्चाचं ठोक शास्त्र

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आकाशकंदील अजून गॅलरीत लोंबतोय आणि क्रेडिट कार्डाचं बिल आलंय. घाबरू नका. महिना 40,000 मध्ये भागवायचं असं घटस्थापनेला ठरवून भाऊबीजेपर्यंत एक लाखावर पोचलेलं तुमचं घर काही पहिलं नव्हे. खर्च ताळ्यावर आणायची एक रीत आपल्याकडे चालत आलेली आहे. ती तेवढी नीट पाळा.

आधी मुहूर्त बघा. काटकसरीला एक तारखेशिवाय दुसरा मुहूर्त चालत नाही. आज 16 तारीख असेल, तर उरलेला पंधरवडा तुमचाच आहे. एक तारखेपासून बंदच करायचंय म्हटल्यावर दोनदा बाहेर जेवून घेतलं, तर कोण बोलणार आहे?

मग वही आणा. जुन्या वहीत नवा हिशेब उतरत नाही. आमच्याकडे अशा सात वह्या आहेत, सगळ्या सहा तारखेपर्यंत भरलेल्या. पहिल्या पानावर ‘श्री’ काढा. दूध, पेपर, इस्त्री, मावशींचा पगार हे सगळं रुपयापर्यंत चोख लिहा. इस्त्रीचे कपडे 14, दर 8, एकूण 112. आणि शेवटी एक रकाना आखा, त्याला नाव द्या ‘किरकोळ’. अख्ख्या घराचा भार हाच रकाना उचलतो. ज्याचं नाव घेतलं की घरात भांडण होईल, ते सगळं इथे जिरवायचं. माझ्या माहितीतल्या एका घरी (आमच्याच, पण सांगू नका) गेल्या महिन्याचा हिशेब असा निघाला: पेपर 210, इस्त्री 112, लिंबं 20, किरकोळ 61,640.

सोनं मात्र किरकोळमध्येही घालायचं नाही, कारण सोनं हा खर्चच नव्हे. ती गुंतवणूक. धनत्रयोदशीला घेतलेल्या साखळीवर घडणावळ गेली, वर 3 टक्के जीएसटी गेला. उद्या मोडायला नेली तर सराफ यातला एक पैसा परत देणार नाही. पण मोडायची कोणाला आहे?

आता कार्डाचं बिल. त्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा माहितीसाठी असतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्याखाली ‘किमान रक्कम’ म्हणून छोटा, गरीब स्वभावाचा आकडा असतो, तो आपला. 60,000 ची बाकी, आणि फक्त 3,000 भरा म्हणतात! इतकं सबुरीनं घेणारा सावकार आपल्या आजोबांना कधी भेटला नाही. त्या 60,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 2,100 व्याज आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीचे 378, असे 2,478 रुपये आधी जातात. उरलेल्या 522 रुपयांनी तुमचं कर्ज फिटायला लागतं. शिवाय जुनी बाकी ठेवलीत की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून मीटर चालू. पूर्वी सण करायला ऋण काढावं लागे. आता सण आपण करायचा, ऋण आपसूक निघतं.

एवढं झालं की प्रत्यक्ष कपात. इथे कठोर व्हा. घरातल्या सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवा आणि जाहीर करा की बाथरूमचा दिवा चालू राहिलेला यापुढे खपवून घेतला जाणार नाही. 9 वॅटचा तो एलईडी रोज पाच तास उगाच जळला, तर महिन्याला 1.35 युनिट होतात. दोन किलोवॅटचा गिझर तेवढी वीज चाळीस मिनिटांत खातो. पण गिझरचा विषय काढू नका. थंडी आहे.

भाजीचा खर्च आटोक्यात आणायचा तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे लक्ष द्या, फोनवरून दहा मिनिटांत येणाऱ्या भाजीकडे नको. फोनवर कोथिंबिरीची जुडी 20 रुपयांना असते आणि 199 च्या पुढे घरपोच फुकट, म्हणून आपण 180 रुपयांची बिस्किटं घेऊन 30 रुपये वाचवतो. तिथे घासाघीस करायची सोय नाही. भाजीवालीकडे आहे. ती मेथी 25 म्हणाली की चेहरा कसनुसा करा, 15 म्हणा, दोन पावलं पुढे जा. ती ‘घ्या ओ ताई, 20 ला’ म्हणेलच. मग त्यावर कढीपत्ता मागा, आलं मागा. पिशवीत दोन मिरच्या तिनं स्वतःहून टाकल्या तरी तिसरी उचला. घरी आल्यावर वहीत ठळक लिहा: बचत, 5 रुपये.

असंच धोरण रिक्षावाला, इस्त्रीवाला, वॉचमन यांच्या बाबतीत ठेवा. मुलांच्या क्लासची फी ‘बाजारभावच आहे’ म्हणून मुकाट भरा. फोनचा ‘नो कॉस्ट’ हप्ता चालू राहू द्या. त्यातली प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी कुठे टाकायचा, ते आता तुम्हाला सांगायला नको.

एवढ्यात मावशी विचारतील, ‘ताई, या महिन्यापासनं 300 वाढवायचं म्हणला होता.’ हीच कसोटीची वेळ. सुस्कारा टाका. कार्डाचं बिल त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही, मोठा आकडासुद्धा. महागाई किती झालीय ते समजावून सांगा आणि ‘बघू या जानेवारीत’ म्हणा.

मावशी चहाचा कप विसळून पालथा घालतील. म्हणतील, ‘बरं. लई अडचण असंल तर सांगा ताई. भिशी लागलीय माझी. दहाजणींची, दोन-दोन हजारांची. रोख हायेत.’

लगेच नाही म्हणू नका. व्याज किती घेतात, तेवढं विचारून ठेवा.