पंक्चर

गेल्या रविवारी संध्याकाळी सव्वासात वाजता माझ्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फुटली. फोडली मीच. पण बेल सेक्रेटरी काकांनी वाजवली होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे घरात कुणीच मान्य करायला तयार नाही.

पावसाळी हवेत चामडं सैल पडतं. ठाण्यात ऑगस्टमध्ये पापड, बिस्किटं आणि तबला एकाच दिवशी मऊ होतात. काळी एक या सुराला लावलेला माझा तबला त्याखालच्या पांढरी एकच्याही खाली जाऊन बसला होता. मी मांडी घालून, हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, ठोके देत वाद्यांमधलं एकेक घर सुरात चढवत होतो. सोळातलं अकरावं घर, आणि आमची ती चिमणीच्या आवाजाची बेल केकाटली. मी दचकलो, हातोडी गजरा सोडून चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, आली. फट्. चाटेपासून थेट मधल्या शाईपर्यंत भेग.

दारात काका. एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्यात छत्री.

"तुमच्या वाजवण्याबद्दल तक्रार आलीय."

"कुणाची?"

"नाव सांगता येत नाही. तुमच्या वरचा फ्लॅट."

"वर तर तुम्हीच राहता."

"म्हणूनच नाव सांगता येत नाही."

एवढं बोलून ते आत आले, सोफ्यावर बसले आणि पावतीपुस्तक डग्ग्यावर ठेवलं. मी ते उचलून टीपॉयवर ठेवलं. बायकोने चहा आणला. काकांनी एक घोट घेतला आणि कप डग्ग्यावर ठेवला. मी कप उचलला. मग त्यांचं लक्ष फुटक्या तबल्याकडे गेलं आणि चेहरा उजळला.

"अरे! म्हणजे प्रश्न मिटलाच की."

मी गप्प.

"पण एवढं तोंड पाडून काय बसताय? दुसरा आहे ना चालू?"

"तो डग्गा आहे, काका."

"मग महिनाभर त्याच्यावर भागवा." मग वाकून, भेगेत करंगळी घालून, "पंक्चरवाल्याकडे न्या हो. रबराचा तुकडा लावतो, दहा मिनिटांत काम. परवाच माझ्या स्कूटरला लावला. आणि हे मधे काळं काय आहे, जळलंय का?"

इथे माझा तोल सुटला. मी म्हणालो, ती शाई. लोखंडाची भुकटी आणि खळ एकत्र करून थरावर थर देतात, प्रत्येक थर दगडाने घोटतात, तेव्हा कुठे तबल्यातून सूर निघतो. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणाऱ्या आवाजांचा एकमेकांशी मेळ नसतो. या काळ्या वजनामुळे ते मेळात येतात. यावर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये लिहिलंय.

"रामन म्हणजे नोबेलवाले?"

"हो."

"त्यांच्या खाली कोण राहायचं?"

यावर काय बोलणार? मी नियमाकडे वळलो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लाउडस्पीकरला बंदी आहे तीसुद्धा रात्री दहा ते सकाळी सहा. माझा तबला, लाउडस्पीकरशिवाय, संध्याकाळी सव्वासातला. आणि नवरात्रात आपल्याच आवारात भिंतीएवढे स्पीकर लागतात, माझ्या कपाटाच्या काचा ताल धरतात, तेव्हा दांडिया घेऊन सगळ्यांत पुढे कोण असतं?

"ते सार्वजनिक," काका शांतपणे म्हणाले. "तुमचं खाजगी आहे."

खरं सांगायचं तर मला राग तक्रारीचाही नाही, त्या करंगळीचा आहे. तानपुऱ्याला हात लावायला माणसं बिचकतात, सतारीजवळून अंग चोरून जातात. तबला दिसला की मात्र ज्याला त्याला थाप मारायची असते. पाहुण्यांची पोरं मारतात, अंगठ्या घातलेले मामा मारतात, आणि मारून झाल्यावर ती झाकीर हुसेनची चहाची जाहिरात आठवून माझ्याकडे बघून मान उडवतात. वीस वर्षं मी ही जोडी सांभाळतोय. पाय लागू द्यायचा नाही, ओल्या हाताने शिवायचं नाही, वाजवून झाल्यावर पावडर पुसून गादी घालून झाकायचं. गर्दीच्या लोकलमध्ये ठाण्याहून दादरपर्यंत पिशवी मांडीवर घेतलीय, वर ठेवली नाही, कारण वरच्या फळीवर आपल्या पिशवीवर कोण काय ठेवील सांगता येत नाही. स्वतः उभा राहिलो तर पोटाशी धरलीय. लोकांनी गरोदर बाईला देतात तशी जागाही दिलीय एकदा. आणि एवढं करून शेवटी मारेकरी मीच, माझ्याच हातोडीने.

सोमवारी स्टेशनकडच्या एका गल्लीत तबला घेऊन गेलो. पाऊस म्हणून पहिले तीन रिक्षावाले आलेच नाहीत. कारागिरांनी भेगेवरून अंगठा फिरवला.

"हातोडी?"

"हो."

"फोन आला होता?"

"बेल वाजली."

"गेल्या वेळचे तेही बेलच म्हणाले होते," असं म्हणून त्यांनी वाद्या सोडायला घेतल्या. खोड शिसमाचं, ते ठणठणीत आहे. पुडी नवी. एकोणीसशे रुपये, आणि पंधरा दिवसांनी या, कारण गणपतीआधी ढोलवाल्यांची रांग आहे. नवी पुडी खुलायला पुढे महिना-दीड महिना रोज हात द्यावा लागेल, म्हणजे रोज सव्वासातला काका. जुनी पुडी त्यांनी कागदात गुंडाळून परत दिली. का घेतली मलाही कळलं नाही.

परवा लिफ्टमध्ये काका भेटले. हातातल्या पुडक्याकडे बघून म्हणाले, "ते जुनं चामडं टाकणार असाल तर मला द्या. आमच्या माठाचं झाकण फुटलंय. मापात बसेल."

"बकऱ्याचं आहे, काका."

ते एक पाऊल मागे सरकले. लिफ्ट तेवढीच आहे. तिसरा मजला येईपर्यंत त्यांनी विचार केला.

"मग श्रावण संपल्यावर द्या."