ओरिजनल कंडेन्सरात आवाज नसतो

जुन्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अँप्लिफायरबद्दलचा एक मेसेज गेले काही महिने आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला एकट्याला तो चार जणांनी पाठवला. त्यात असं लिहिलंय: "जुन्या ऑर्गनचे, भोंग्याचे व्हॉल्व्ह अँप्लिफायर भंगारात देऊ नका. घरी आणा, पिन लावा आणि ऐका. आतला एकही पार्ट बदलू नका, खरा आवाज ओरिजनल कंडेन्सरातच असतो. अमेरिकन मशीन असेल तर स्टेप-डाउन लावला की काम झालं. व्हॉल्व्ह जन्मभर जातात. व्हॉल्व्हचे दहा वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे शंभर."

यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. बाकीची वाचून कुणाचं घर जळेल किंवा कुणी दगावेल, म्हणून एकेक घेऊन लिहितोय.

भंगारात का देऊ नये, ते आधी सांगतो. नागपुरात भंगारवाल्याकडे मला हॅमंड या अमेरिकन कंपनीच्या ऑर्गनमधून काढलेल्या दोन सारख्या चासी (भाग बसवलेले पत्र्याचे सांगाडे) मिळाल्या. एम-३ या घरगुती मॉडेलमधला एओ-२९ अँप्लिफायर, शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ व्हॉल्व्हची, आळीपाळीने काम करणारी (पुश-पुल) जोडी. भंगारवाला तांब्याच्या वजनावर भाव करत होता. त्याच्या लेखी ते तांबं होतं, माझ्या लेखी ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर होते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला हा ट्रान्सफॉर्मर थरावर थर देऊन जपून गुंडाळलेला असतो. व्हॉल्व्ह सेटचा आवाज बऱ्या-वाईटाकडे झुकवण्यात त्याच्याइतका वाटा क्वचितच दुसऱ्या भागाचा असतो. तो शाबूत असेल तर बाकी सगळं नव्याने उभं करता येतं. आपल्याकडच्या जुन्या भोंग्याच्या अँप्लिफायरांनाही हेच लागू. कितीतरी गावांत ते मंदिराच्या कोठीत धूळ खात पडलेत.

आता "पिन लावा आणि ऐका". चाळीस-पन्नास वर्षं बंद असलेल्या सेटमधले फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून सप्लाय सपाट करणारे भाग) आतून वाळलेले असतात. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते तापतात, फुटतात, आणि जाता जाता मेन ट्रान्सफॉर्मरही जाळतात. म्हणून पहिल्यांदा सेट नेहमी सिरीज बोर्डवर लावायचा, म्हणजे वीज शंभर वॅटच्या तारेच्या बल्बमधून सेटला जाते. एलईडी चालत नाही. तारेचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, मी कोंबड्यांच्या शेडवाल्याकडून आणतो. पिल्लांना ऊब द्यायला तो अजून तेच वापरतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं. भक्क पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं.

दुसरं, या सेटमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही ते कंडेन्सरात साठून राहतात. हात घालण्याआधी पाच वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवायचे आणि मीटरवर शून्याजवळ आलेले पाहायचे. अमेरिकन सेटांना बहुधा दोनच पिना असतात, आणि काहींत मेन लाइनपासून चासीला जोडलेला एक छोटा कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला की अख्खी पेटी जिवंत. तो काढून टाका, तीन तारांची केबल घाला, चासी अर्थिंगला जोडा. आणि अर्थिंग म्हणजे अर्थिंगच, न्यूट्रलला मारलेला जुगाड नव्हे. आपल्याकडे वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क पडतो, त्यात पाणी टाकत जा.

कंडेन्सर बदलू नका, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात सगळ्यांत खोल बसलीय. आमच्या गावचे एक साउंडवाले काका माझ्या टेबलाशी बसून म्हणाले होते, "कायले बदलतं बे? ओरिजनल हाय तं ओरिजनलच राहू दे ना." मी त्यांना काही बोललो नाही, मीटर त्यांच्याच हातात दिला. ६व्ही६च्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल आत जातो तिथे) सिग्नल नसताना शून्याच्या आसपास व्होल्टेज हवं. काट्याने प्लस अकरा दाखवले. आधीच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं (सिग्नल बाहेर देणाऱ्या पत्र्याचं) डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडायचा, एवढंच मधल्या कंडेन्सरचं काम. मेणकागदाचा तो जुना कंडेन्सर डीसीच गाळत होता. मग खोलीतला दिवा मालवून दार लावलं. दोनेक मिनिटांत व्हॉल्व्हच्या आतली काळी प्लेट मधोमध लाल व्हायला लागली, चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखी. काकांनी स्वतःच खटका बंद केला.

तिथे नवा सहाशे तीस व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावला. ग्रिडवर शून्य. मग आमच्या आबांच्या मंडळाची खंजिरी भजनाची कॅसेट लावली. मोझरी आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर गाणारी मंडळं इकडे गावोगाव. आधी खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांची किणकिण एकमेकींत मिसळून जायची. आता थाप वेगळी, किणकिण वेगळी, आणि मागे टाळ धरणारा कुठे बसलाय तेही कळत होतं.

मेसेज लिहिणाऱ्याला काहीतरी ऐकू आलं असणार, हे मी नाकारत नाही. गळका कंडेन्सर आवाज बदलतोच, जरा गुळमट करतो, आणि कानाला त्याची सवय लागते. पण तो दोषाचा आवाज आहे, सेट बनवणाऱ्याने ठेवलेला नाही. जुनं रूपच जपायचं असेल तर मेणाची नळी पोकळ करून नवा कंडेन्सर आत बसवता येतो. मी एका सेटला तसं केलंय. अभ्रकाचे कंडेन्सर सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नका. कार्बनचे रेझिस्टर मोजून पाहा, वीस टक्क्यांहून जास्त सरकलेले तेवढे बदला.

स्टेप-डाउनचा (२३० व्होल्टचे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) हिशोब कागदावर मांडू. अमेरिकन सेटमधला ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० सायकलसाठी (हर्ट्झ) गुंडाळलेला. आपली वीज ५० सायकलची. सायकल कमी झाली की त्याच व्होल्टेजला लोखंडातलं चुंबकत्व वाढतं. तेवढंच ठेवायचं तर साडेसत्त्याण्णव व्होल्टच द्यावे लागतील. पण मग व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी सव्वापाचच मिळतात, ते चालत नाही. ११० दिले तर लोखंडावर तेरा टक्के जास्त भार. त्यात आपली लाइन: दिवसा शेतातले पंप सुरू असले की १८०, रात्री पंप बंद झाले की २५०. त्या २५० चे स्टेप-डाउनमधून १२० होतात आणि भार वीस टक्क्यांच्या वर जातो. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस डिग्री असताना तो ट्रान्सफॉर्मर किती दिवस टिकेल? माझा एक असाच गेला, वार्निशचा वास अख्ख्या घरात दोन दिवस होता. यावर खरा इलाज म्हणजे २३० व्होल्ट, ५० सायकलचा मेन ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घेणं. जुन्यावरची सगळी व्होल्टेजं लिहून दिली की चांगला वाइंडिंगवाला बनवून देतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावू देऊ नका. आणि सेटच्या आधी स्टॅबिलायझर हवाच.

व्हॉल्व्ह जन्मभर जात नाहीत. आउटपुटचे काही हजार तास, छोटे त्याहून बरेच जास्त. काळजीचं कारण नाही, स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये आजही नवे बनतात, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने ईएल८४, ईसीसी८३ अजून लोकांच्या डब्यांत सापडतात. याच मेसेजखाली कुणीतरी जोडलंय की काचेतल्या चकाकत्या थरात लाखो रुपयांचा लाल पारा असतो. त्यापायी शेजारच्या गावात एका पोराने चांगले दोन व्हॉल्व्ह फोडले. या व्हॉल्व्हमध्ये पारा नसतोच. तो थर बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषायला दिलेला. तो दुधासारखा पांढरा झाला तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला, एवढंच त्यावरून कळतं.

दहा वॅट म्हणजे शंभर, हेही खरं नाही. वॅट तो वॅटच. व्हॉल्व्ह सेट जास्त ताणला की आवाज हळूहळू फाटतो, एकदम नाही, म्हणून तो मोठा वाटतो. घरात ऐकायला दहा पुरतात, पण स्पीकर एका वॅटला नव्वद-ब्याण्णव डेसिबल देणारा घ्या.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. ऑर्गनचा अँप्लिफायर गाणी ऐकायला बनवलेलाच नसतो. त्यात ऑर्गनच्या सुरांसाठी आवाजाला आकार देणारी, पायाच्या पेडलची, व्हायब्रॅटोची सर्किटं असतात. ती वगळून सुटसुटीत इनपुटचा टप्पा नव्याने बांधावा लागतो. काही जुन्या सेटांत स्पीकरचं चुंबक बनवणारी गुंडाळी (फील्ड कॉइल) हीच पॉवर सप्लायची घरघर गाळणारा चोक असते, स्पीकर वेगळा केला की सप्लायच तुटतो. आणि एक चासी म्हणजे एकच बाजू. स्टिरिओसाठी दोन सारख्या हव्यात, आणि दोन्हींना एकच सिग्नल देऊन स्पीकरवरचं व्होल्टेज मोजून जुळवायला हवं. स्पीकर न जोडता चालवून तर कधीच पाहू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यातच जातो.

माझी डावी बाजू तयार आहे. उजवीचा मेन ट्रान्सफॉर्मर अमरावतीला गुंडाळायला दिलाय. सध्या एकाच बाजूने ऐकतोय. काका रोज संध्याकाळी येतात, आणि त्यांच्या कोठीतला भोंग्याचा अँप्लिफायर आता माझ्या टेबलाखाली येऊन बसलाय, कंडेन्सर बदलायला.