नुसत्या नटांवर पुढची मोटर बसवू नका
सायकल इलेक्ट्रिक करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, वयस्कांनी हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी मोटर) पुढच्या चाकात बसवावी, नट घट्ट आवळले की झालं. नाही होत! मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलटा फिरू पाहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कची (चाक धरणाऱ्या चिमट्याची) आस बसतो ती खाच त्याने हळूहळू रुंदावते, आस निसटतो, वायर पिळवटून तुटते, चाक निखळतं. साठीनंतर असं पडणं म्हणजे मनगट नाहीतर खुबा.

250 वॅटची मोटर असली तरी फोर्क लोखंडीच हवा आणि स्टीलचा टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी पट्टी), शक्यतो दोन्ही बाजूंना. गायमुखसारख्या चढावर थांबून निघताना आधी दोन पायडल मारा, मग थ्रॉटल. नाहीतर सगळा जोर त्या खाचेवरच येतो. पावसाळ्यात वायरला आसाजवळ खाली झोल द्या, नाहीतर पाणी तिच्यावरून सरळ मोटरमध्ये उतरतं.