आमसुली रेक्झिन

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. इंजिन घरघरलं, पत्रा ठोकून झाला, रंगही झाला. "आता आतलं तेवढं करून घ्या," गॅरेजवाला म्हणाला. त्या 'तेवढं'त माझे आठ रविवार गेले.

दारांच्या आतलं रेक्झिन पार सोललं होतं. पण मूळ रंग कोणता? गाडी घरी आली त्याच दिवशी बाबांनी सीटांवर कव्हरं चढवली, कव्हरांवर टर्किश टॉवेल. आई म्हणे चॉकलेटी, काका म्हणे मरून. आत्या म्हणाली, "आमसुली." तिला गाडी लागायची; पुढच्या बाकासारख्या सलग सीटवर मान खाली घालूनच तिनं सगळे प्रवास केलेत, म्हणजे साक्ष भक्कम. शेवटी सीट उसवली. काथ्या, गंजक्या स्प्रिंगा, तीन चिंचोके आणि कोपऱ्यात दुमडलेलं, ऊन न लागलेलं रेक्झिन. आमसुली!

तो तुकडा घेऊन नाना पेठ पालथी घातली. प्रत्येक दुकानदार तो उन्हात नेऊन बघे, बोटानं चोळे आणि म्हणे, "कुर्ल्याचा कारखाना बंद झाला, साहेब. काळं घ्या, सगळ्यांना चालतं." एकानं तर गाडीच भंगारात घालायचा सल्ला दिला, वर चहा पाजला. जुन्या बाजारात पितळी अडकित्ता मिळाला. (घेतला.) मुंबईत चोरबाजारात दाराची हँडलं मिळाली, मीटर मिळाला. वाटलं, मुंबईत २०२३पर्यंत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या, एखादीचं तरी रेक्झिन सापडेल. पण टॅक्सीवाल्यांनी ते केव्हाच काढून गुलाबांच्या फुलांचं कापड ठोकलेलं.

आठव्या रविवारी हात हलवत घरी आलो. आई भाजी घेऊन नुकतीच आली होती. पिशवी ओट्यावर. आमसुली. बारीक रेघांची. कडेला पायपिंगसकट.

"डावं दार ठोकलं गेलं तेव्हा बाबांनी मीटरभर जास्तीचं आणलं होतं. पुढेमागे लागेल म्हणून. मी दोन पिशव्या शिवून घेतल्या."

"अगं, मग चॉकलेटी काय म्हणत होतीस?"

"चॉकलेटीच आहे ही."

कुशनवाल्यानं दोन पिशव्या उसवून कशीबशी दोन दारं बसवली. आईची अट एकच होती, चेन फुकट घालवायची नाही. त्यामुळे आता ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला चेन आहे. उघडली की अजून कढीपत्त्याचा वास येतो.