ठोसा, ठसा आणि पेय: 'पंच'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'पंच' या इंग्रजी शब्दावरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि तितक्याच बारकाईने झोडपलात, दोन्हीबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. ठोसा मुठीने मारतात आणि मुठीत पाच बोटं असतात, तेव्हा ठोशाचा 'पंच' आपल्या 'पञ्च'वरूनच आला असणार. दारू, लिंबू, साखर घालून केलेल्या पेयाचा 'पंच' पाच जिन्नसांवरून आला हे इंग्रजच सांगत आले, तरी मी तिथे 'बहुधा' घालून भारताचं श्रेय कापलं. आणि इटलीची बाहुली मध्येच कशाला आणली?

ठोशापासून सुरू करू. शब्दाचं मूळ शोधताना आजचा अर्थ बाजूला ठेवून सर्वांत जुना अर्थ पाहावा लागतो, आणि पाच बोटांची कथा तिथेच अडते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचा अर्थ टोचणं, ढोसणं, काठीने गुरं हाकणं असा होता. मूठ त्यात आली सोळाव्या शतकात. मूळ शब्द मुठीचा असता तर आधी मूठ दिसली असती, काठी नव्हे. अमेरिकेतल्या गुराख्याला 'काउपंचर' म्हणतात ते या जुन्या अर्थामुळे. तो गाईंना ठोसे मारत नाही.

मागे गेलं की जुन्या फ्रेंचमधलं 'प्वँसाँ' म्हणजे टोकदार हत्यार लागतं, आणि त्यामागे लॅटिनमधलं 'पुंगेरे' म्हणजे टोचणं. 'पॉइंट', 'पंक्चुअल' आणि आपल्या कोपऱ्यावरचं 'पंक्चर' ही सगळी त्याच घरची. फिटरचा सेंटर पंच, एसटीच्या जुन्या कंडक्टरचा तिकिटाला भोक पाडणारा पंच, हेही तिथलेच. सेंटर पंचाचं टोक ९० अंशांचं घासतात, म्हणजे खळगा उथळ आणि रुंद पडतो आणि ड्रिलचं टोक त्यात नीट बसतं. हा खळगा न पाडता गुळगुळीत पत्र्यावर ड्रिल टेकवलं की ते घसरतं आणि भोक रेघेवरून सरकतं.

याच घरातला एक पंच मूळ लेखात एका ओळीत उरकला गेला होता, त्याला इथे जागा देतो: छापखान्याचा. मऊ पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरतात. 'व' किंवा 'ब'चं पोट कोरणीने खणत बसत नाहीत. त्या पोकळीच्या आकाराचा आणखी एक छोटा पंच आधी करतात, तो कांडीत ठोकतात आणि मग अक्षराची बाहेरची कड कानशीने घासत आणतात. मधूनमधून टोक दिव्यावर धरून काजळी चढवायची आणि कागदावर ठसा घेऊन पाहायचा. अक्षर मनासारखं झालं की कांडीला पाणी देतात, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करतात, आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. हा झाला साचा. त्यात शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतला की खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, मिळतो. पाणी कमी बसलं तर ठोकताना अक्षराची कड चेपते, फाजील कडक राहिलं तर टोक तडकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे नावाजले गेले, त्यांच्या मुळाशीही अशाच कांड्या होत्या. 'पंच' म्हणजे 'टोचणारं टोक' हे इथे डोळ्यांना दिसतं.

आता तुमच्या कथेतला खरा भाग. संस्कृत 'पञ्च'चे इंग्रजीत सख्खे नातेवाईक आहेत, पण ते 'प'ने सुरू होत नाहीत. संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या मूळ भाषेतल्या शब्दारंभीच्या 'प'चा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) 'फ' झाला: 'पितृ' आणि 'फादर', 'पाद' आणि 'फूट'. त्याच नियमाने 'पञ्च'चा भाऊ 'फाइव्ह'. जर्मनमध्ये तो 'फ्युन्फ' आहे; इंग्रजीत मधला अनुनासिक गळाला. मूठ या अर्थाचा 'फिस्ट'देखील बहुधा याच धातूचा आहे. म्हणजे पाच आणि मूठ यांचं नातं तुम्ही बरोबर ओळखलंत, फक्त घर चुकलं. ध्वनी हुबेहूब जुळला की मी आधी संशय घेतो, कारण चार-पाच हजार वर्षं वेगळे राहिलेले भाऊ इतके सारखे दिसत नाहीत.

पेयाचं प्रकरण वेगळं आहे, कारण ते उसनं घेतलेलं आहे आणि तिथे 'प' चालतो. पहिला माहीत असलेला उल्लेख १६३२चा: ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीतल्या सहकाऱ्याला पत्रात 'पंच' पिण्याबद्दल बजावलं आहे. (त्या किनाऱ्यावर पाचाला 'ऐदु' म्हणतात, पण कंपनीच्या वखारींत हिंदुस्तानी आणि फारसी चालायचीच.) तुमचा मुख्य साक्षीदार जॉन फ्रायर हा इंग्रज प्रवासी. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो, की गोव्यातल्या नेरूळची दारू सर्वांत चांगली, तिच्यापासून इंग्रज 'पाँच' करतात, हिंदुस्तानीत याचा अर्थ पाच, कारण जिन्नस पाच. साक्ष भारतात राहिलेल्या माणसाची आहे, पण पेय रुळल्यानंतर साठेक वर्षांनी छापलेली, आणि तोच लगेच चार जिन्नसांचीही गोष्ट काढतो.

जिन्नस मोजून पाहा. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८च्या सुमारास सुरतेत होता. त्याच्या 'पालेपुंट्झ'मध्ये दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. झाले चार. १६५३च्या फ्रेंच वर्णनात साखर, लिंबू, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट, म्हणजे पाच, पण नेहमी सांगतात त्या पाचांतलं पाणी नाही. दुसरी अडचण स्वराची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीतला हा ऱ्हस्व स्वर 'उ'सारखा होता, 'अ'कडे तो नंतर सरकला. जर्मनाला 'पुंट्झ' आणि फ्रेंचांना 'पोंज' ऐकू आलं ते उगाच नाही. 'पंच'चं 'पुंच' का व्हावं? म्हणून काही कोशकार खलाशांकडच्या 'पंचिअन' या पिंपाकडे बोट दाखवतात. दारूचं हे पिंप साधारण ३१८ लिटरचं. मला तेही पटत नाही, कारण पिंपाच्या बाजूने फ्रायरसारखा एकही साक्षीदार नाही. दोन्हींत पाचाचं पारडं जड आहे, पण 'बहुधा' काढण्याइतकं नाही.

बाहुलीचं थोडक्यात: तिच्याशिवाय तिसरा 'पंच' उलगडत नाही. पुल्चिनेल्ला हे नेपल्सच्या नाटकातलं चोचीसारख्या नाकाचं पात्र. सॅम्युएल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. नाव 'पंचिनेलो' झालं, मग तुटून 'पंच'. १८४१चं लंडनचं व्यंग्यसाप्ताहिक त्याच्या नावाचं, आणि मुंबईचं 'हिंदी पंच' त्या साप्ताहिकाच्या वळणाचं. ठेंगण्या, गुटगुटीत माणसाला 'पंच' म्हणू लागले, त्यावरून इंग्लंडमधल्या सफोकचा ठेंगणा, जाडजूड ओढकाम करणारा घोडाही 'पंच' झाला.

शेवटी तुम्ही विचारलंत, पंचनाम्यातला आणि क्रिकेटमधला पंच कुठला. तो संस्कृत 'पञ्च'चाच, पंचायतीतल्या पाच जणांवरून आलेला. 'नामा' तेवढा फारसी.