ब्लॉगची शाकारणी

नोकरी, घर, मुलाची दहावी आणि सासूबाईंची औषधं सांभाळून ज्यांना ब्लॉग चालवायचाय, त्यांनी थीम, म्हणजे ब्लॉगचा तयार साज, बदलायच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रागावू नका. परवा एका ओळखीच्या ताईंनी "ब्लॉग अपग्रेड केला गं, बघ कसा झालाय" म्हणून हौसेने लिंक पाठवली. वर सरकती चित्रं, मधेच ईमेल मागणारी खिडकी, बाजूला गोलातले फोटो. आणि त्यांच्या एका जुन्या, मला पाठ असलेल्या लेखाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण जुने लेख उघडून बघायचे असतात हे कुणी सांगतच नाही.

आमच्या कोकणात मे महिन्यात घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप काढायची. त्या वर्षी भिंतीला रंग नाही लागला तरी कुणाचं काही अडत नाही. ब्लॉगचंही तसंच करावं. हाताशी एक रविवारची दुपार असेल तर ती छपराला द्यावी.

छप्पर म्हणजे पहिल्यांदा अक्षरं. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांचे प्रत्येकी तीन वेगळे. पण वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरचा मजकूर मायएसक्यूएल नावाच्या ज्या डेटाबेसमध्ये, म्हणजे कोठारात, असतो, त्याची मूळ ठेवण ८.० ही आवृत्ती २०१८ मध्ये येईपर्यंत लॅटिन होती, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची. जुने ब्लॉग त्यातच मराठी कोंबून वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चालले. सर्व्हर, म्हणजे ब्लॉग जिथे ठेवलाय ते यंत्र, बदलला की नवीन यंत्र "ही लॅटिन अक्षरं" समजून त्यांचं रूपांतर करतं आणि घोळ होतो. यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लेखाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर घाबरू नका. मूळ बाइट बहुधा शाबूत आहेत, जाणकार माणूस ते सोडवून देतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या प्रतीतला मजकूर गेला. मग जुनी प्रत असेल तरच.

म्हणून प्रत. आणि ती त्याच सर्व्हरवर ठेवायची नाही, कारण घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यात काय अर्थ? वर्डप्रेसमधलं 'एक्सपोर्ट' बटण दाबलं की एक फाइल मिळते आणि माणूस निश्चिंत होतो. त्या फाइलमध्ये मजकूर असतो, फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. गूगलच्या 'ब्लॉगर' सेवेच्या जुन्या पद्धतीच्या बॅकअपचीही तीच कथा. तेव्हा डेटाबेस वेगळा उतरवायचा, फोटोंचं 'अपलोड्स' फोल्डर वेगळं उतरवायचं, आणि दोन्ही एका पेनड्राइव्हवर. आमच्याकडे तो पेनड्राइव्ह देवघराच्या खणात असतो. सासूबाईंनी विचारलं, "काय गं हे?" म्हटलं, "माझी पोथी." त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकी भाषेवर चालतं तिची, मेल तुम्हालाही येत असेलच: "आपली आवृत्ती जुनी आहे, त्वरित बदला." हे मात्र खरंच करावं लागतं. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, म्हणजे त्यात सापडणारी भोकं आता कुणी बुजवत नाही. पण आठच्या आवृत्तीत जुन्या काही सोयी काढून टाकल्यात, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने बसवलेली थीम अचानक कोरं पान दाखवू शकते. आधी प्रत, मग प्लगिन (वरून बसवलेल्या जादा सोयी), मग थीम, सगळ्यात शेवटी पीएचपी, हा क्रम. आणि पावसाळ्यात संध्याकाळी सात नंतर आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम सकाळी.

आता माझ्या आवडीचा भाग. पत्ते, म्हणजे लेखांच्या लिंक.

मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. त्या पत्त्याला डेटाबेसमध्ये जागा आहे २०० अक्षरांची. इंग्रजीला ती भरपूर. पण देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात लिहिताना टक्केवारीच्या खुणा धरून नऊ अक्षरांचं होतं. करा भागाकार: बावीस चिन्हं, काना-मात्रा-हलंत धरून! 'गणपतीच्या दिवसांतली कोकण रेल्वे' असं शीर्षक देऊन बघा. बरोब्बर 'कोकण'वर दोनशे भरतात आणि पुढची रेल्वे सुटते. गणपतीत आम्हाला तिकीट मिळत नाही ते नाहीच, पत्त्यातही गाडी मिळत नाही. शिवाय तीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्के आणि आकड्यांचा असा शेपटा येतो, की समोरच्याला वाटतं बँक खातं रिकामं करणारी लिंक आहे. (मी सहकारी बँकेत आहे. लोकांनी संशय घ्यावा असंच आम्ही दिवसभर सांगत असतो, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही.) मी पत्ता हाताने, छोटा, रोमनमध्ये लिहिते. मराठीचा अभिमान लेखात दाखवावा. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलला तरी वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्या जागी नेतं, तेव्हा तीही भीती नको.

आणि 'ऱ्या'! पुऱ्या, दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर. हा अर्धा र पूर्वी बरेच जण र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा टंकायचे. आता फोनचे कीबोर्ड त्यासाठी थेट वेगळा ऱ वापरतात. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. त्यामुळे ब्लॉगवर 'पुऱ्या' शोधलं की नव्या पुऱ्या सापडतात, जुन्या नाहीत. ते न दिसणारं चिन्ह कुठे गळलं तर वर रफार येऊन 'पुर्या' होतात आणि वाचणारा म्हणतो बाईला शुद्धलेखन येत नाही. डेटाबेसमध्ये 'शोधा आणि बदला' करून हे एका फटक्यात निस्तरता येतं, अर्थात प्रत घेतल्यावर. हे केलं तेव्हा ब्लॉगवर बाहेरून काहीच बदल दिसला नाही. आमचे हे म्हणाले, "मग केलंस काय एवढा वेळ?"

दिसण्याबद्दल अगदीच बोलायचं नाही असं नाही. साइटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' ठेवा. फुकट आहे, आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपले येतात. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवणाऱ्या थीम टाळा, शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, वेलांटी-उकारांना श्वास हवा. आणि ओढून-सोडून पानं मांडायला देणारे ते पेज-बिल्डर... त्यांतले काही असे असतात, की एकदा बंद केले की लेखभर चौकटी कंसांतला कचरा उरतो. मला ती गुलामी नको.

"पण आता ब्लॉग वाचतं कोण? इथे फेसबुकवरच लिही की," हा प्रश्न या पोस्टखाली येणारच आहे, म्हणून आत्ताच. इथे लिहितेच आहे, कारण माणसं इथे आहेत. मराठीब्लॉग्स डॉट नेटवर नवीन लेखांची यादी बघायची, स्टार माझाच्या 'ब्लॉग माझा' स्पर्धेची वाट बघायची, ते दिवस गेले, मान्य. पण जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिन्ही ठिकाणी आपली माणसं भरभरून लिहीत होती. ऑर्कुटवरच्या कवितांच्या समूहांत किती रात्री जागवल्यात लोकांनी, विचारा आपापल्या वहिनींना. फेसबुक बंद पडेल असं मी म्हणत नाही. पण माझीच चार वर्षांपूर्वीची पोस्ट मला इथे सापडत नाही, हे आजचं वास्तव आहे. मूळ लेख ब्लॉगवर, त्याची दवंडी इथे, एवढी साधी वाटणी मी ठेवलीय. खर्च डोमेन (ब्लॉगचं नाव) आणि होस्टिंगचा (सर्व्हरवरची जागा). पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा.

ज्यांचे ब्लॉग ब्लॉगरवर आहेत आणि वर्षानुवर्षं उघडलेले नाहीत, त्यांच्यासाठी एक घाईचं काम. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू शकतं. तेव्हा ज्या ईमेलवरून तो ब्लॉग सुरू केला होतात, कॉलेजच्या दिवसांतलं काहीतरी लाजिरवाणं नाव असेल त्याचं, त्यात आज रात्री जेवणं झाली की एकदा लॉगिन करा. पासवर्ड आठवत नसेल तर जुना फोन नंबर कुणाकडे गेलाय ते आधी बघा. आत गेलात की गूगल टेकआउट या आपला मजकूर उतरवून घ्यायच्या सोयीतून ब्लॉगर निवडून सगळं उतरवून घ्या. फाइल उघडली नाही, किंवा अक्षरं विचित्र दिसली, तर इथे खाली लिहा. रविवारी दुपारी मी मोकळी असते, मुलाचा गणिताचा पेपर नसला तर.